परदेशगमन आणि रोख पैशाचा बट्टा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने दिलेले व्याख्यान)



आजच्या स्नेहसंमेलनात दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यवाहांनी केली, तेव्हा मी त्यांना प्रांजळपणे सांगितले की मी वक्ता नव्हे. आयुष्याची तीस वर्षे बँकेच्या विदेशी विनिमय खात्यात आकडेमोड करण्यात गेली. साहित्य, संगीत, समाजकारण यांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. त्यावर ते हसून म्हणाले, “मग आकडेमोडीवरच बोला. हल्ली आपल्याकडे घराघरांतून कोणी ना कोणी परदेशी जात आहे.” त्यांचे म्हणणे मला पटले. लेकीच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आया, मुलाचे बिऱ्हाड पाहायला निघालेले वडील, चार कुटुंबे मिळून बँकॉक-सिंगापूरची सहल करणारी तरुण मंडळी, यांची संख्या दरवर्षी वाढते आहे. हे लोक भाजी घेताना पाच रुपयांसाठी घासाघीस करतात. पण रुपये देऊन डॉलर घेताना समोरचा सांगेल तो भाव निमूटपणे मान्य करतात. असे का व्हावे, आणि ते कसे टाळावे, एवढाच आजचा विषय आहे.

विषय नवा वाटला तरी आपल्या पूर्वजांना तो नवा नव्हता. पेशवाईच्या काळी चांदवडी, अंकुशी असे नाना प्रकारचे रुपये चालत. एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत नेला की सराफ तो पारखून घेई आणि त्यावर बट्टा कापी. आपल्या मराठवाड्यातील वृद्धांना त्यांच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या हाली सिक्क्याच्या गोष्टी आठवत असतील. हैदराबाद संस्थानात हाली रुपया चाले, इंग्रजी मुलखात कलदार. सहा कलदारांना सुमारे सात हाली रुपये हा हिशेब त्या काळी व्यवहारी माणसाला तोंडपाठ असे. दोन नाण्यांमधील बट्टा म्हणजे सराफाचे पोट, आणि तो किती असावा हे ठाऊक असणे म्हणजे आपले शहाणपण, ही जाण त्यांना होती. ती जाण मधल्या काळात आपण हरवून बसलो.

हरवण्याला कारणही होते. १९४७ च्या विदेशी विनिमय कायद्याने परकीय चलन ही सरकारच्या मुठीतील वस्तू झाली. १९४९ साली रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरला ४ रुपये ७६ पैशांचा भाव ठरला. ६ जून १९६६ रोजी तो साडेसात रुपयांवर गेला. भाव एकच, तो सरकारने ठरवलेला, आणि चलन मिळे तेही मोजके. त्या पिढीतील विद्यार्थी खिशात दोनचार पौंड घेऊन विलायतेस उतरत. ज्या वस्तूचा भाव ठरलेला आहे आणि जी मिळणेच दुर्मीळ आहे, तिच्याबाबत चौकशी कोण करणार? मिळाले हेच भाग्य! पुढे १९९३ पासून रुपयाचा भाव बाजारावर सोडण्यात आला, २००० सालापासून फेमा हा नवा कायदा अमलात आला, आणि २००४ साली सुरू झालेल्या उदार योजनेमुळे सामान्य माणसालाही चलन सुलभ झाले. काळ पालटला, पण आपल्या मनातील “मिळाले हेच भाग्य” ही भावना मात्र पालटली नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. विनिमयाच्या दुकानी फलकावर प्रत्येक चलनापुढे दोन आकडे असतात. एक दुकानदाराचा खरेदीदर, दुसरा विक्रीदर. आपण डॉलर घेतो तेव्हा दुकानदार विकत असतो, म्हणून आपल्याला मोठा आकडा लागू होतो. परत येऊन उरलेले डॉलर आपण देतो तेव्हा लहान आकडा. या दोहोंच्या मध्ये बाजाराचा खरा भाव असतो. त्याला आपण मध्यदर म्हणू. मोठ्या बँका एकमेकींशी व्यवहार करतात तो याच्या आसपास. डॉलर, पौंड, युरो आणि येन यांचा संदर्भदर मुंबईत कामकाजाच्या दिवशी रोज जाहीर होतो आणि तो कोणालाही पाहता येतो. दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी हा एक आकडा कागदावर लिहून खिशात ठेवावा. ज्याच्या खिशात तो आकडा आहे, त्याला फसवणे कठीण; ज्याच्याजवळ तो नाही, त्याला फसवण्याचीही आवश्यकता नाही, कारण तो आपण होऊनच जास्त पैसे देतो.

उदाहरणाने सांगतो. हिशेबाच्या सोयीसाठी धरून चाला की डॉलरचा मध्यदर ९० रुपये आहे. शहरातील एका चांगल्या परवानाधारक दुकानात विक्रीदर ९१ रुपये आहे. विमानतळावरील खिडकीत तोच ९६ रुपये आहे, आणि वर ठळक अक्षरांत लिहिले आहे, “कमिशन नाही”. एक हजार डॉलर घेणाऱ्याला शहरात ९१,००० रुपये पडतात, विमानतळावर ९६,०००. सरकारी करात म्हणण्यासारखा फरक नाही. नियमाने ठरलेल्या पद्धतीनुसार पहिल्या व्यवहारावर सुमारे १६४ रुपये आणि दुसऱ्यावर सुमारे १७३ रुपये जी.एस.टी. पडतो. म्हणजे “कमिशन नाही” या दोन शब्दांची किंमत पाच हजार रुपये झाली. कमिशन वेगळे सांगितले नाही, ते दरात मिसळले, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून दुकानदाराला दर किती, कमिशन किती असे सुटे प्रश्न विचारू नयेत. एकच प्रश्न विचारावा: “एक हजार डॉलर माझ्या हातात पडायला सर्व खर्च धरून मला एकूण किती रुपये द्यावे लागतील?” तीन दुकानांत दूरध्वनी करून हा एकच प्रश्न विचारला, म्हणजे निर्णय आपोआप होतो.

परतीचा व्यवहार तर याहून दुःखद. त्याच खिडकीने खरेदीदर ८४ लावला असेल, तर ९६ ने घेतलेले तीनशे डॉलर परत देताना २८,८०० रुपयांचे २५,२०० रुपये होतात. डॉलर नुसते फिरवून आणले आणि ३,६०० रुपये गमावले. यावरून एक नियम निघतो. चांगला दर शोधण्याइतकेच महत्त्व गरजेपुरतेच रोख घेण्याला आहे. उरलेल्या पैशावर दोनदा बट्टा बसतो.

बंधुभगिनींनो, हे सारे मला नोकरीत असल्यापासून ठाऊक होते. तरीही आज हे व्याख्यान देण्याचे खरे कारण माझे ज्ञान नव्हे, माझी चूक आहे. ती सांगितल्याखेरीज पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

माझी चुलत बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. २०२३ च्या जानेवारीत ती लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला गेली. निवृत्तिवेतनातून साठवलेले अठ्ठेचाळीस हजार रुपये तिने पाकिटात घालून ठेवले होते. जावयापुढे हात पसरावा लागू नये आणि नातवाच्या पाळण्याला आपल्या पैशाने काही घेता यावे, एवढीच तिची इच्छा. ते पैसे तिने निघण्याच्या रात्री विमानतळावर बदलले. पौंडाचा मध्यदर त्या दिवसांत शंभर रुपयांच्या आसपास होता. तिला १०९ ने ४४० पौंड मिळाले. शहरात साडेएकशे एकच्या भावाने ४७२ मिळाले असते. बत्तीस पौंड, म्हणजे तीन हजारांहून अधिक रुपये, त्या खिडकीवर राहिले.

एवढ्यावर भागले नाही. तिच्याजवळ वीस पौंडांच्या सहा कागदी नोटा होत्या. आमचे मेहुणे हयात असताना एकदा विलायतेस जाऊन आले होते. त्यांनी त्या उरवून आणल्या आणि “पुढे दोघे जाऊ तेव्हा उपयोगी पडतील” म्हणून डब्यात ठेवल्या. दोघांचे जाणे झाले नाही. अक्काने त्या जपून नेल्या आणि बाळासाठी लोकरीचे कपडे घेताना दुकानात पुढे केल्या. दुकानातील मुलीने त्या परत केल्या. कागदी वीस आणि पन्नास पौंडांच्या नोटांचे चलन ३० सप्टेंबर २०२२ नंतर बंद झाले होते. मुलीने सभ्यपणे सांगितले, पण अक्का मला म्हणाली, “मला वाटले, त्यांनाच कोणी दारातून परत पाठवले.” पुढे जावयाने तिला बँक ऑफ इंग्लंडमध्ये नेले, थंडीत रांगेत उभे केले, ओळखपत्र दाखवले आणि त्या नोटा बदलून मिळाल्या. ती बँक आपल्या जुन्या नोटा कधीही बदलून देते. पण सर्व देशांचे असे नाही. जर्मनीची मध्यवर्ती बँक जुने मार्क आजही घेते; फ्रान्सच्या फ्रँकच्या नोटांची मुदत मात्र २०१२ च्या फेब्रुवारीत संपली, आणि इटलीच्या लिराची २०११ च्या डिसेंबरात.

अक्का परत आल्यावर हे कळले, तेव्हा मी तिला विचारले, “अक्का, मी याच खात्यात जन्म घालवला. तू मला एका शब्दाने का विचारले नाहीस?” ती म्हणाली, “अरे, तू कोट्यवधींचे व्यवहार करणारा. माझ्या अठ्ठेचाळीस हजारांसाठी तुला काय त्रास द्यायचा?” या उत्तरापुढे मी निरुत्तर झालो. तिचे प्रयाण मला महिनाभर आधी ठाऊक होते. पेढे घेऊन मी निरोपाला गेलो होतो. प्रकृतीची, थंडीची, तिकडच्या जेवणाची चौकशी केली. पैशाची केली नाही, कारण आपल्यात बाईमाणसाला “तुझ्याजवळ किती पैसे आहेत, कुठे बदलणार आहेस” असे विचारणे अप्रशस्त समजतात. तिला विचारायचा संकोच, मला सांगायचा संकोच. दोन संकोचांच्या मधून बत्तीस पौंड निसटले. म्हणून जे तिला घरात सांगायला हवे होते, ते आज या सभेत सांगत आहे.

आता व्यवहाराच्या गोष्टी क्रमाने मांडतो.

पहिली गोष्ट चलनाच्या निवडीची. डॉलर, पौंड, युरो, दिरहम, सिंगापूरचा डॉलर ही चलने आपल्या शहरांतून मुबलक मिळतात. त्यांच्या देशी जायचे असेल तर ती इथूनच घ्यावीत. परंतु थायलंडचा बाट, इंडोनेशियाचा रुपिया, व्हिएतनामचा डाँग यांना इथे गिऱ्हाईक थोडे, म्हणून दुकानदाराचा बट्टा मोठा. अशा वेळी इथून डॉलर न्यावेत आणि तिथे बदलावेत. दोनदा बदलणे वरकरणी तोट्याचे वाटते, म्हणून हिशेब करून पाहू. समजा डॉलरला ३३ बाट असा भाव आहे आणि आपल्या शहरात बाट २ रुपये ९० पैशांना मिळतो. ९१,००० रुपयांचे सुमारे ३१,४०० बाट होतील. त्याच रकमेचे ९१ च्या दराने एक हजार डॉलर घेतले आणि बँकॉकच्या शहरातील चांगल्या दुकानात ३२ बाट ८० सतांगांनी बदलले, तर ३२,८०० बाट हाती येतात. चौदाशे बाट वाचले. चार माणसांचे दोन वेळचे जेवण त्यात सहज होते. मात्र हा हिशेब प्रत्येक वेळी नव्याने करावा. कधी उलट उत्तरही येते.

दुसरी गोष्ट नोटांची. थायलंडमधील दुकानांत शंभर डॉलरच्या नोटेला एक दर, वीस-दहाच्या नोटांना त्याहून कमी आणि अगदी लहान नोटांना आणखी कमी, असे वेगळे फलक असतात. म्हणून बदलण्यासाठी न्यायचे डॉलर शंभराच्या कोऱ्या नोटांत मागून घ्यावेत. घडी पडलेली, शाई लागलेली, कोपरा फाटलेली नोट आग्नेय आशियात पुष्कळ ठिकाणी नाकारतात. लहान चित्राच्या जुन्या अमेरिकन नोटाही घेत नाहीत. अमेरिकेत त्या कायदेशीर आहेत हे खरे, परंतु बँकॉकच्या दुकानदाराशी अमेरिकेच्या कायद्यावर वाद घालून उपयोग नसतो. आपल्याकडे नोटा घेतानाच खराब नोट परत करावी. त्या वेळी भिडेस पडू नये. उलट ज्यांना अमेरिकेतच जायचे आहे त्यांनी पाच-दहाच्या सुट्ट्या नोटा थोड्या अवश्य घ्याव्यात.

तिसरी गोष्ट बदलण्याच्या जागेची. इथे काय आणि तिथे काय, विमानतळ आणि हॉटेल ही दोन ठिकाणे अडलेल्यांसाठी असतात. उतरल्यावर टॅक्सीपुरते पैसे तिथे घ्यावेत, बाकीचे शहरात. सिंगापूरला रॅफल्स प्लेसजवळील आर्केडमध्ये आणि मुस्तफा सेंटरच्या परिसरात विनिमयाची दुकाने एकाला लागून एक आहेत. जिथे दहा दुकाने शेजारी शेजारी, तिथे भाव आपोआप सरळ राहतो, हे आपल्या सराफकट्ट्यावरून आपल्याला ठाऊक आहेच. दुबईत तर पारख आणखी सोपी. दिरहम डॉलरशी ३.६७२५ या प्रमाणात बांधलेला आहे. शंभर डॉलरला ३६७ दिरहम हा पूर्ण भाव. तीनशे साठाच्या खाली कोणी सांगितले तर नमस्कार करून पुढच्या दुकानी जावे. नेपाळमध्ये आपल्या शंभर रुपयांना तिकडचे १६० हे प्रमाण १९९३ पासून कायम आहे.

चौथी गोष्ट मोजण्याची. येथे माझीच फजिती सांगतो. निवृत्तीनंतर आम्ही उभयता बाली बेटावर गेलो. एका गल्लीतील दुकानाचा दर सर्वांहून चांगला होता. वास्तविक तिथेच मी सावध व्हायला हवे होते. बाजारभावाहून चांगला भाव कोणी धर्मादाय म्हणून देत नाही. दुकानदाराने माझ्यासमोर नोटा मोजल्या, मी मोजल्या, बरोबर भरल्या. मग तो म्हणाला, “एकदा खात्री करतो,” आणि गड्डी पुन्हा हातात घेतली, टेबलावर ठोकून सारखी केली आणि मला दिली. हॉटेलवर येऊन पाहतो तो तीन लाख रुपिया कमी! आकडा ऐकून घाबरू नका, आपल्या हिशेबी ते दीड हजार रुपयांच्या आसपास. पण तीस वर्षे नोटा मोजलेल्या माणसाच्या हातावर ही तुरी दिली गेली. सौभाग्यवतींनी त्यावर एक अक्षर काढले नाही, ते मला अधिक लागले. तेव्हापासून माझा नियम असा: गड्डीला शेवटचा हात आपला लागला पाहिजे. दुकानदाराने ती पुन्हा स्पर्शली, तर आपण पुन्हा पहिल्यापासून मोजावी.

पाचवी गोष्ट कार्डाची. आजच्या काळी सगळे पैसे रोख नेणे शहाणपणाचे नाही आणि नियमानेही बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच नोटा मिळतात. बाकीचे कार्डावर न्यावे लागतात. प्रवासी कार्डात इथे पैसे भरतानाच दर पक्का होतो, हा त्याचा गुण. मात्र डॉलरचे कार्ड युरोच्या देशात वापरले, तर पुन्हा बट्टा बसतो. एटीएममधून वारंवार थोडे थोडे काढू नये. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी दोनशेहून अधिक बाट शुल्क पडते. आणि एक सापळा सर्वांनी ध्यानात ठेवावा. परदेशी दुकानात कार्ड दिले की यंत्र विचारते, “पैसे रुपयांत द्यायचे की इथल्या चलनात?” आपल्याला रुपया ओळखीचा, म्हणून आपण आनंदाने रुपया निवडतो. तो आनंद महाग पडतो. समजा पौंडाचा मध्यदर १२० आहे आणि शंभर पौंडांची खरेदी आहे. पौंडांत पैसे दिले आणि आपल्या बँकेने साडेतीन टक्के अधिभार व त्यावरील कर लावला, तरी १२,५०० रुपयांच्या आत काम होते. रुपये निवडले तर त्या यंत्राचा मालक स्वतःचा दर लावतो. तो १२,९०० सांगू शकतो, आणि काही बँका वर आपलेही शुल्क घेतात. तेव्हा परदेशी यंत्रापुढे नेहमी त्या देशाचे चलन निवडावे.

सहावी गोष्ट वेळेची. रुपया उद्या वाढेल की पडेल हे विनिमय खात्यात तीस वर्षे काढून मला कधी सांगता आले नाही. शेजाऱ्यालाही येत नसते. मोठी रक्कम हवी असेल तर ती दोन-तीन हप्त्यांत घ्यावी, म्हणजे सरासरी भाव पडतो. शनिवार-रविवारी बाजार बंद असल्याने दुकानदार स्वतःच्या सुरक्षिततेसाठी बट्टा वाढवतात. म्हणून खरेदी कामाच्या दिवशी करावी. पारपत्र, प्रवेशपत्र, तिकीट आणि पॅनकार्ड जवळ ठेवावे. पन्नास हजार रुपयांपर्यंतच रोख देता येतात, त्यापुढे धनादेश किंवा बँकेतून. पावती अवश्य घ्यावी आणि परत येईपर्यंत जपावी. आपले रुपये नेपाळ-भूतान सोडून इतरत्र माणशी २५,००० पर्यंतच नेता येतात, आणि तिकडे त्यांना भावही नाही. परतल्यावर रिक्षाला लागतील तेवढे पुरे. उरलेले परकीय चलन १८० दिवसांच्या आत परत करावे. नोटांच्या रूपात २,००० डॉलरपर्यंत पुढील प्रवासासाठी ठेवता येते.

आता अशा एका विषयावर बोलतो, जो कित्येकांना रुचणार नाही. आपल्यात एक प्रथा हळूहळू रूढ होत आहे. एकाचा मुलगा दुबईस, दुसरे कुटुंब सहलीला दुबईस निघालेले. मुलगा तिथे त्यांना दिरहम देतो आणि हे त्याच्या वडिलांना इथे रुपये देतात. दर मध्यदराचा, कोणालाच बट्टा नाही, आणि दोघेही आपलेच. किंवा अमुक काकांजवळ डॉलर उरले आहेत, तमुक मामांना हवे आहेत, घरातल्या घरात अदलाबदल. ऐकायला किती गोड! परंतु फेमा कायद्याच्या तिसऱ्या कलमान्वये अधिकृत व्यक्तीखेरीज कोणाशीही परकीय चलनाचा व्यवहार करणे, किंवा परदेशस्थाच्या वतीने इथे असे पैसे घेणे, निषिद्ध आहे. दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. मुलाने आपल्या कमाईतून आईवडिलांचा तिकडचा खर्च करावा, यात काही गैर नाही. गैर आहे ती परतफेडीची अदलाबदल.

काही वर्षांपूर्वी आपल्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला असा व्यवहार जुळवून देण्यास सांगितले. माझ्या शिक्षणाच्या वेळी त्यांनी मला मदत केली होती. मी नम्रपणे नकार दिला. ते म्हणाले, “परक्याला पाच टक्के देशील, पण आपल्या माणसाचे पाच टक्के वाचवणार नाहीस.” त्यानंतर दोन वर्षे ते माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचे दुःख झाले, आजही आहे. परंतु ज्या घरी ते पैसे गेले असते तिथे उद्या चौकशीची नोटीस आली असती, तर पाच टक्के वाचवल्याचे समाधान त्या घराला कितपत पुरले असते? आपली माणसे म्हणून आपण एकमेकांना माहिती द्यावी, वेळ द्यावा, दुकानापर्यंत सोबत द्यावी. चलन द्यायला परवानाधारक बसलेला आहे.

म्हणून समारोपात मंडळाकडे एक विनंती करतो. मंडळाच्या कार्यालयात एक साधी वही ठेवावी. परदेशाहून परतलेल्या प्रत्येक कुटुंबाने तीत एक ओळ लिहावी: गाव, तारीख, कोणते चलन, कोणत्या भागात बदलले, त्या दिवशीचा मध्यदर काय आणि हाती प्रत्यक्ष काय पडले. निघणाऱ्या कुटुंबाने ती वही एकदा चाळावी. एका वर्षात अशा पन्नास ओळी झाल्या, तरी कोणत्याही पुस्तकाहून ती वही अधिक उपयोगी ठरेल. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी कार्यालयात येऊन बसेन. कोणाच्या डब्यात जुन्या परदेशी नोटा असतील त्यांनी त्या घेऊन याव्यात. चालतात की नाही, कुठे बदलतील, ते मी पाहून सांगेन. रक्कम अठ्ठेचाळीस हजारांची असो की अठ्ठेचाळीसशेची, संकोच करू नये. मीही करणार नाही.

अक्का येत्या मार्गशीर्षात पुन्हा लंडनला निघणार आहे. नातू आता चालू-बोलू लागला आहे. गेल्या आठवड्यात ती स्वतः माझ्याकडे आली, चष्मा लावला, वहीत तीन दुकानांचे आकडे लिहून आणले होते ते पुढे ठेवले आणि म्हणाली, “यातले कोणते घेऊ, सांग.” मी बेरीज करून पाहिली. तिने मनाशी निवडलेले दुकानच बरोबर होते. मला सांगण्यासारखे काही उरले नव्हते.